फटीपलीकडची खाट

३ फेब्रुवारी
कपाट दारात अडकलं. मी आतून ओढत होतो, हमाल बाहेरून ढकलत होता आणि माझी सहा वर्षांची मुलगी, मुंगी, दोघांनाही हुकूम सोडत होती. तिची आई गेल्यापासून आज पहिल्यांदा ती खळखळून हसली. नव्या पुलाखालची जमीन तपासायची नोकरी, राहायला हे घर. मोठी खोली मुंगीनं पटकावली.

५ फेब्रुवारी
दोन खोल्यांमधल्या फरशीत बारीक फट आहे. पुलाजवळचा भ्रंश, म्हणजे खडक तुटल्याची रेषा, थेट घराखालून जातो. घरमालकीणबाई म्हणाल्या, फट जुनीच, पण पलीकडे कुणी झोपत नाही. मुंगीला समजावलं: जमीन तुटते तिथे कधी एक बाजू खाली घसरते, कधी दुसरीवर चढते, कधी दोन्ही नुसत्या शेजारून सरकतात. आपली फट तिसऱ्या प्रकारची. ती म्हणाली, म्हणजे कट्टी घेतल्यासारखी.

हळूहळू सरकणारा भ्रंश बरा. अडकलेला वाईट, तो ताण साठवत राहतो. घर सोडायचं कारण नाही.

८ फेब्रुवारी
मुंगीचं दार अर्धं भिंतीआड गेलंय. इतकं सरकायला भ्रंशाला कित्येक वर्षं लागतात. तिला माझ्या खोलीत आणलं.

९ फेब्रुवारी
सकाळी फट आमच्या खाटांच्या मधे होती. सामान तसंच टाकून लॉजवर गेलो. तिथेही, दोन गाद्यांच्या मधे—

११ फेब्रुवारी
कुठेही गेलो तरी फट येतेच, म्हणून घरी परतलो. मुंगी विचारते, बाबा, तू एवढ्या लांबून का बोलतोयस? मी तिच्या उशाशीच बसलोय.

१२ फेब्रुवारी
लोहाराकडून जाड पट्ट्या आणल्या. फटीवर आडव्या टाकून दोन्हीकडे बोल्ट आवळले. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. भ्रंश बांधून ठेवता येत नाही. पूल त्याच्यापासून लांब बांधायचा, एवढंच आम्हाला जमतं.
पण तिचा हात माझ्या हातात आला. उबदार.

१४ फेब्रुवारी
फट हलली नाही. मुंगी पोटभर जेवली. बोल्ट वाकलेत.

१५ फेब्रुवारी
भिंती कण्हतायत. ती म्हणते, बाबा, सोड ना, दुखतंय. पाना हातात आहे. सोडलं तर ती— नाही सोडलं तर—

१६ फेब्रुवारी, सकाळ
पट्ट्या तुटल्या. घर उभं आहे. मुंगीची खाट फटीच्याच रेषेत, गावाबाहेरच्या माळावर रिकामी सापडली. चादर नीट होती. हाक मारली. आले बाबा, म्हणाली. आवाज आणखी पुढून. मी चालत गेलो, पुन्हा हाक मारली, आणि तो आणखी—