दोरीपलीकडची आई

बाबा, जेवलात ना? खोकला कसा आहे?

अमेरिकेतल्या या मोठ्या गोल्फ स्पर्धेत मी अजून टिकून आहे. आईही बरी आहे. काल टीव्हीवर काही दिसलं का?

माझ्याविरुद्ध खेळणाऱ्या मुलीचा चेंडू होलच्या काठावरून निसटला आणि प्रेक्षकांच्या दोरीपलीकडून आईने आनंदाने टाळ्या पिटल्या. गोल्फमध्ये हे फार वाईट दिसतं. सगळे वळून बघू लागले. रखवालदाराने विचारलं, "या तुमच्या कोण?"

मी म्हटलं, "कुणी नाही." त्याने तिला बाहेर नेलं.

आज तोच माणूस किंबापचा, आईच्या हातच्या भाताच्या गुंडाळ्यांचा, डबा घेऊन आला. म्हणाला, "फाटकापाशी त्या कालच्या बाई आहेत. म्हणाल्या, मी तिची कुणी नाही, पण पोरीने सकाळपासून काही खाल्लं नसेल."

बाबा, घास उतरत नाही.

तुमची आणि आईचीच,
बोराम