काळ्या पडद्याच्या फायली

३ मार्च

ती. हेमांगीअक्कास कुंदनचा सा. न. वि. वि.

आणि परत तेच! दर पत्रात तुझं एकच, डिस्क भरली, डिस्क भरली. जसा काही मीच ती भरून पळालो. दिवाळीच्या सुटीतले चार दिवस घालून भिकनच्या बंद पडलेल्या सायबर कॅफेतला कॉम्प्युटर आणला, सगळ्यांच्या मोबाईलमधलं त्यात भरलं, घरच्या टीव्हीवर दिसायला लावलं. तेव्हा बरं वाटलं ना? पाचशे जीबीत अख्खं घराणं बसवलं. वरून तुझ्या मालिका कोंबल्यावर जागा कुठून येईल? त्या काढवत नसतील तर काळ्या पडद्याच्या फायली काढ. पन्नासेक आहेत. मोबाईल खिशात असताना कॅमेरा चालू झालेला असेल, दिसत काहीच नाही.

इथे बोगद्याच्या कॅम्पवर रेंज नाही. रेशनची गाडी आठवड्याने टपाल नेते, म्हणून भांडायलाही कागद लागतो. नानांचा घसा अजून बसलेलाच आहे का? माया असू दे.

कुंदन

अमळनेर, १४ मार्च

चि. कुंदनास अ. उ. आ.

बोलणी पोचली. मालिका माझ्या नाहीत, दीपमालाच्या आहेत. बायकोला काय ते तूच लिही.

नानांना धुळ्याला दाखवलं. घशात गाठ आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल म्हणाले, आवाज नाही. पाच एप्रिलला ऑपरेशन.

सोमवारी तुझ्या काळ्या फायली काढायला बसले. अकरा काढल्या. बारावी चुकून सुरू झाली आणि नाना आतून उठून आले. त्यांचाच आवाज रे! डफ वाजतोय, कानबाईच्या उत्सवात देवीपुढे वहीची गाणी गाताहेत, मधेच कुणीतरी चहा विचारतंय. नानांनी माझा हात माऊसवरून उचलला आणि म्हणाले की हे बठ्ठं राहू दे, एकही काढू नको. आता रोज दुपारी डोळे मिटून ऐकतात.

ऑपरेशनआधी बसक्या आवाजात का होईना, येतात तेवढ्या वह्या गाऊन ठेवायच्या म्हणतात. जागा करायला तुझ्या लग्नाचं शूटिंग काढू का? नव्वद जीबी आहे, त्यात अर्धा वेळ तूच नाचतोस. लवकर कळव. जीवाला जप.

तुझी अक्का

२३ मार्च

ती. अक्कास सा. न.

पत्र आज मिळालं. तीनदा वाचलं. त्या फायली चुकून झालेल्या नव्हत्या. मोबाईल समोर धरला की नाना लाजून गायचे थांबायचे, म्हणून मीच चालू करून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात टाकायचो. मीच केलं आणि मीच विसरलो गं.

लग्न काढू नको, त्यात नवीन काहीच भरू नको. इथला लीलाधर इलेक्ट्रिशियन म्हणतो, काढलेली फाइल लगेच जात नाही, तिच्या जागेवर दुसरं काही बसलं की जाते. म्हणजे नानांचं नवं गाणं त्यांच्याच जुन्या गाण्यावर बसेल. कॉम्प्युटर बंद कर, डिस्क बसस्टँडजवळच्या भूषणच्या दुकानात ने, काढलेल्या अकरा परत आणणं त्याला जमेल. गाणं नव्या डिस्कवर घे. नऊ दिवस तू रोज भरत असशील, या विचाराने जेवण जात नाही. भरलं असशील तर नानांना सांगू नको. गाऊ दे त्यांना.

गाडीच्या ड्रायव्हरला चिठ्ठी दिलीय, रेंज लागली की तुला फोन करेल. विसरला तर हे पत्र आहेच. सुटी मागितली, मुकादम वीस एप्रिलआधी सोडत नाही. मी येईन तेव्हा नाना मला हाक मारणार नाहीत. जमलं तर त्यांना एकदा नुसतं माझं नाव घ्यायला लाव, शेतातून मारायचे तशी लांब हाक. तेवढ्याला किती जागा लागते?

रागाव, पण माया तोडू नको. डिस्क मोठी घे. पैसे ड्रायव्हरकडेच देतोय, तुझ्या खात्यावर टाकेल. सहा हजार चारशे.

कुंदन