मांडीवरची गिटार

प्रिय अहो,

आज लिहायला बसले ती रागाच्या भरात, हे आधीच सांगून टाकते. तुम्हाला जाऊन वर्ष उलटलं. डोळ्यांत पाणी येतं ते रोजचंच, त्यासाठी पत्र कशाला? पण या आठवड्यात तुमच्या गिटारवरून मी आधी घरात भांडले, मग दुकानात आणि काल मंडळातसुद्धा. तुमच्याशिवाय हे कुणाला सांगू?

झालं असं. येत्या शनिवारी इथे टेक्सासात, फ्रिस्कोच्या मंडळाचा गणपतीचा कार्यक्रम आहे. रियाला त्यात तुमची हवाईयन गिटार वाजवायची आहे. आपल्या नातीला तुम्हीच शिकवलीत ना ती! लेकीला खूश करायचं म्हणून निनादने गुपचूप गिटार दुरुस्तीला नेली. परत आणली तेव्हा मानेच्या टोकाची ती उंच धातूची पट्टी गायब, आणि तारा पार खाली बसलेल्या.

"आई, तारा केवढ्या वर होत्या! बोटांनी दाबताच येत नव्हत्या. आता बघ, नॉर्मल झाली," तो म्हणाला.

नॉर्मल! अहो, याचं सगळं लहानपण तुमच्या मांडीवर जागा मिळवण्यासाठी त्या गिटारशी भांडण्यात गेलं. त्याला कळू नये, की त्या तारा दाबायच्याच नसतात? गिटार मांडीवर आडवी ठेवायची आणि स्टीलची दांडी तारांवरून सरकवायची, म्हणूनच तर तो आवाज माणसाच्या गळ्यासारखा वळतो. रियाने दांडी ठेवली मात्र, ती खाली आपटून खडखडली.

"बाबा, यू ब्रोक इट!"

"ब्रोक नाही गं, फिक्स केली."

"मग आता अनफिक्स कर," मी म्हटलं. "आत्ता. गाडी काढ."

दुकानदार माझ्याच वयाचा निघाला. म्हणाला, मी तुमच्या मुलाला दोनदा विचारलं होतं, तो म्हणाला खाली करा. पट्टी मात्र त्याने खणात जपून ठेवली होती. फेकवेना म्हणे. ती बसवली, तारा चढवल्या आणि गिटार स्वतःच्याच मांडीवर घेऊन त्याने दांडी फिरवली. इथल्या रेडिओवर काउबॉय लोकांच्या गाण्यांत जे मागे हळूच रडत असतं ना, तेच.

"हा आमच्या टेक्सासचा आवाज, मॅम," तो अभिमानाने म्हणाला.

"नो," मी म्हटलं. "हवाई."

निनाद स्वतःच्या बुटांकडे बघू लागला. पण मी सोडलं नाही. तुम्ही गेल्यापासून मी लायब्ररीतून पुस्तकं आणते, एकेक पान दोनदा वाचते, अडलं की रियाला विचारते. माझं इंग्रजी कसं आहे ते तुम्हाला माहीत आहे, पण त्या दुकानदाराला सगळं समजलं. हवाईचं राज्य अमेरिकेने घेतलं त्या काळात तिथली माणसं ही विद्या घेऊन बाहेर पडली. तंबूत, जत्रांत, नाटकांच्या मध्यंतरात वाजवत गावोगाव फिरली. त्यांचं ऐकून इथले गोरे शिकले, काळेही शिकले. विजेवरची गिटार बनली तीसुद्धा आधी या मांडीवरच्या वाद्यासाठी. आज ज्या गिटारवर अख्खं स्टेडियम नाचतं, तिचं मूळ त्या माणसांकडे जातं!

तो खळखळून हसला. "येस मॅम. आम्ही तिला फक्त काउबॉयचे बूट घातले."

माणूस चांगला आहे. तुमचं जमलं असतं त्याच्याशी.

काल रियाला घेऊन मंडळात तालमीला गेले, तिथे मात्र हसण्यावारी गेलं नाही. यंदाचा संयोजक समीर म्हणाला, "काकू, थीम 'आपली वाद्यं' आहे. हवाईयन कसं चालेल, यार? रियाला हार्मोनियम देऊ या ना."

"का? हार्मोनियम काय आपल्या शेतात उगवली?" मी विचारलं. "युरोपातून आली ती. तिच्यावर तू आरती वाजवतोस, आणि हिला व्हिसा मागतोस?"

बायका हसल्या, तोही हसला. "ओके, ओके. वाजवू दे. पण अनाउन्स करताना नुसतं 'गिटार' म्हणतो. उगीच लोक कन्फ्यूज होतील."

नुसतं गिटार! तिथे माझं डोकं फिरलं. त्या हवाईच्या माणसांचंही असंच झालं ना? कितीतरी ठिकाणी नावच नाही, नुसतं 'हवाईयन मंडळी'. त्यांच्यातले काही फिरत फिरत कलकत्त्याला पोचले. त्यांच्यातल्या एकाकडून तुमचे गुरू, ते बंगाली दादा शिकले, दादांकडून तुम्ही. दिवसभर टेलिफोन खात्यात नोकरी आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रा. किती भावगीतांच्या मागे तुम्ही वाजवलंत! रेकॉर्ड घरी आली की मी पाकीट उलटसुलट करून बघायची. गायकाचं नाव, कवीचं नाव. तुमचं? 'आणि साथीदार.' तुम्ही म्हणायचात, "जाऊ दे गं, सूर तर पोचला." का हो असं म्हणायचात? मला तेव्हाही नाही पटलं, आजही पटत नाही. सूर पोचतो आणि माणूस वाटेत राहतो, हा कुठला न्याय?

मी समीरला सांगितलं, नाव घेणार नसशील तर रिया वाजवणार नाही. रियाने लगेच गिटार पेटीत ठेवली आणि पेटीवर बसली. "आजी सेड नो," एवढंच म्हणाली. शेवटी समीर म्हणाला, "बरं काकू, तुम्हीच माईक घ्या आणि सांगा. पण शॉर्टमध्ये हं!"

मी कधी माईक हातात धरलेला नाही. आता धरेन. शनिवारी आधी त्या हवाईच्या माणसांबद्दल बोलेन, मग दादांबद्दल. मग तुमचं नाव घेईन, पूर्ण, वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट. हॉलमध्ये कुणी गप्पा मारत असेल तर थांबेन, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगेन. सगळ्यांनी ऐकल्याशिवाय रियाला दांडी तारेवर ठेवू देणार नाही. हे माझं वचन.

तुमची,
सुमन