उपरण्याखालचे हात

पारनेर, ९ जानेवारी १९७३

चि. छगनला थोरल्या भावाचे, राधाकृष्णाचे आशीर्वाद, वि. वि.

परवाच्या पेपरात तुझा फोटो आला. शेजारी दिल्लीचे मंत्री आणि दोघांचे हात तुझ्या उपरण्याखाली. परगावचा माणूस म्हणेल, थंडी असेल. पण आपला सारा धान्यबाजार असाच हात झाकून, बोटं दाबून सौदे ठरवतो. खासदार होण्याआधी वीस वर्षं आपल्या दुकानात तूही तेच केलंस. रंभाजी दलालाने फोटो खांबाला चिकटवलाय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, छगनशेटचा सौदा झाला, आपली मतं कितीला गेली तेवढं विचारा.

मी चौथी शिकलेला, मला तिथलं कळत नाही. पण ज्यांनी तुला निवडून दिलं ते दुष्काळी कामावर खडी फोडतायत. तीन दिवस मी दुकानात मागच्या दाराने जातो. काय विकलंस ते खरं लिही. आणि कानटोपी घालत जा.

काळजीत असलेला,
दादा

नवी दिल्ली, १५ जानेवारी

ती. स्व. दादांस छगनचा सा. न. वि. वि.

सौदा केला हे खरं, पण विकलं काही नाही. तालुक्याला बोअर घ्यायची यंत्रं मिळावीत म्हणून तीन अर्ज दिले, तिन्ही फायलीत पडले. हे मंत्री धान्याच्या अडत्याचे चिरंजीव. बोलता बोलता त्यांनीच विचारलं, तुमच्याकडे बोटं कशी धरतात. मी उपरणं टाकून त्यांची चार बोटं धरली. त्यांनी माझं एक धरलं. मी हात सोडला नाही. फोटो निघाला तेव्हा आम्ही दोनावर आलो होतो.

कानटोपी घालतो. वहिनींना सांगा, लोणचं संपलं. माया आहे ती राहू द्यावी.

आपला,
छगन

पारनेर, ३ फेब्रुवारी

चि. छगनला आशीर्वाद.

थट्टेत दिलेला शब्द दिल्लीत पाळतात की नाही, या घोराने तुझं पत्र वाचूनही जेवण गोड लागेना. काल दोन्ही यंत्रं आली. आज वेशीबाहेर दीडशे फुटांवर पाणी लागलं. वर आलेला चिखल मी हातात घेऊन पाहिला, मगच पुढच्या दाराने दुकानात गेलो.

रंभाजीने तुझ्या फोटोला हार घातला होता. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालतोस, म्हणून त्याला झापला आणि हार काढायला लावला. तो हसला, शेजारी बसला, माझ्या हातावर उपरणं टाकलं आणि एक बोट दाबलं. त्याच्या वस्तीला एक यंत्र हवंय.

मी हात काढून घेतला नाही. आता तू बघ.

तुझा,
दादा