दुखापतीचे वीस दिवस

१० फेब्रुवारी १९४७

डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षर पहिलीतल्या पोराचं, म्हणून वाक्यं लहान.

विट्याच्या कचेरीत आज चौथी खेप. कारकुनाने विचारलं, भरपाईचा अर्ज कोणी लिहिला? मी, म्हणालो. मग हात चालतो की! डावा चालतो, म्हणालो. त्याने अर्जाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शुक्रवारी यायला सांगितलं.

१४ फेब्रुवारी

सरकारी वकिलांनी कायदा समजावला. माझ्यावर कुऱ्हाड घालणाऱ्या भाऊसोला दंड झाला तर त्यातून मला भरपाई मिळू शकते. दंड तो भरेल – थोरल्या भावाचं परमुलखात सोनं गाळायचं दुकान आहे. पण दंड मोठा व्हायला दुखापत मोठी हवी. मोठी म्हणजे, कायमचं अपंगत्व किंवा वीस दिवस नेहमीचं काम करता न येणं.

मग अडचण कुठे? तीन जानेवारीला विट्याहून आम्हा चौघा मास्तरांचा पगार घेऊन येत होतो. ओढ्यात भाऊसो आडवा आला. प्यालेला. पिशवी सोड म्हणाला. सोडली नाही. कुऱ्हाड उजव्या मनगटाखाली बसली. शाळेत परत गेलो तो सत्तावीसला. तेवीस दिवस भरतात – मोजा!

२१ फेब्रुवारी

डॉक्टरांचा दाखला मिळाला. ‘तीन बोटे वळत नाहीत. मिरजेस शस्त्रक्रिया केल्यास सुधारणा संभवते.’

वकिलांनी कपाळाला हात लावला. सुधारणा संभवते म्हणजे अपंगत्व कायमचं नाही. आता सगळी भिस्त त्या वीस दिवसांवर.

शस्त्रक्रियेला पैसे हवेत. पैशांसाठी भरपाई हवी. आणि भरपाईसाठी हात न सुधारणारा हवा! डॉक्टर म्हणतात, उन्हाळ्याच्या आत करून घ्या. नंतर बोटं अशीच राहतील.

२ मार्च

सदऱ्याच्या गुंड्या आज स्वतः लावल्या. पाऊण तास. शेवटची चुकीच्या काजात.

८ मार्च

भाऊसोच्या वकिलाने शाळेचं मस्टर कोर्टात मागवलं. त्यात सोळा जानेवारीपासून मी हजर! रोज. सहीसकट.

सोळाला मी अंथरुणावर होतो. बायको, अंजना, घास भरवत होती. आणि मस्टरात माझी सही – वळणदार, खालच्या रेघेसकट. दुखापत बारा दिवसांची ठरते. म्हणजे किरकोळ.

९ मार्च

हेडमास्तर नाथाजीरावांकडे तणतणत गेलो. अंगणात शेंगा फोडत बसले होते. वर न बघताच त्यांनी सांगून टाकलं. माझी हक्काची रजा बारा दिवसांची, ती पंधराला संपली. पुढची बिनपगारी पडली असती.

“तुमी पिशवी सोडली न्हाई मास्तर. चार घरांच्या चुली पेटल्या त्यात. मग मी काय नुसतं बगत बसू?”

सही कशी जमली, विचारलं. तीस वर्षं दुसऱ्यांचंच अक्षर तपासतोय, म्हणाले.

त्यांच्या पेन्शनीला चौदा महिने राहिलेत. खोटी हजेरी उघडी पडली तर नोकरी जाईल, पेन्शनही. हे ना मला बोलून दाखवावं लागलं, ना त्यांना. कोर्टात खरं तेच सांगा, माझं मी बघेन, एवढंच म्हणाले.

निघताना मूठभर शेंगदाणे दिले. सोललेले.

१० मार्च

रात्रभर चिडचिड. भाऊसोवर कमी, नाथाजीरावांवर जास्त. मला विचारायचं तरी होतं!

अंजनाला म्हणालो, या भल्या माणसाने माझा हात घालवला. ती भाकरी थापत होती.

“पगार पुरा आला तवा तुमी तरी कुटं इचारलंत?”

खरं आहे. डाव्या हाताने मोजून घेतला होता.

१७ मार्च

सरकारी वकील खुशीत आहेत. म्हणाले, सोपं आहे. सही खोटी म्हणा. मी कागद पुढे करतो, मॅजिस्ट्रेट साहेबांसमोर उजव्या हाताने सही करायचा प्रयत्न करा. जमणार नाहीच. पाच मिनिटांचं काम! मिरजेला चैत्रातच जाल.

मस्टर कोण लिहितं, हे त्यांनी विचारलं नाही. पुढे कोणीतरी विचारेलच.

२३ मार्च

अंजनाने कोर्टासाठी सदरा धुतला. गुंड्यांच्या जागी बंद शिवलेत.

२४ मार्च

शपथ घेतली. भाऊसोच्या वकिलाने मस्टर पुढे धरलं. सही कोणाची?

माझी, म्हणालो.

सरकारी वकिलांनी हातातला कोरा कागद खाली ठेवला. साहेबांनी माझ्या बोटांकडे पाहिलं. बराच वेळ. या हाताने, सोळा तारखेला?

“दुखत होता, साहेब. पण चालत होता.”