कोणाच्या नावाचं पाणी

खांडबारे, ता. १४ जून १९३७

ती. दोधूकाकांचे सेवेशी,
गिरधरचा शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. शेतकी खात्याने मला इकडच्या भातवाल्यांना शिकवायला पाठवलं खरं, पण काका, आपल्या तापीकाठी भात दिसतो तो सणाच्या ताटात. उगवताना मी तो पुस्तकातच पाहिला!

परवा बियाण्याचा प्रयोग करून दाखवला. घमेल्यात पाणी घेतलं, कोंबडीचं अंडं तरंगेपर्यंत मीठ घातलं आणि त्यात भाताचं बी ओतलं. तरंगेल ते पोचट, ते टाकायचं. बुडेल ते भरलेलं, तेवढंच पेरायचं, म्हणजे रोग कमी. बोलून वर पाहतो तो म्हातारे एकेक करून उठून चाललेले. उरली एकटी रमीबाई. बी तिच्याच घरचं होतं. विधवा बाई, पदरी दोन लहान मुली, दोन बिघे भात आणि त्यावरच वर्ष. तिने मोडक्या मराठीत हळूच विचारलं की हे कोणासाठी पाहिलं. मला प्रश्नच कळला नाही. मी आपलं ऐटीत सांगितलं की तुमच्याच घरासाठी. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मीठ झोंबलं म्हणावं, तर ती हातभर लांब उभी होती. माझं काय चुकलं?

पायांवर डोकं ठेवतो. लोभ आहेच, तो तसाच असू द्यावा.
आपला गिरधर

प्रकाशे, ता. २३ जून १९३७

चि. गिरधर यास अ. उ. आ.

पत्र वाचून तुझी काकू पोट धरून हसली. विचारते, ‘पोऱ्या भाकर खास का नही, का नुसता भातच?’ तुझी कपाशी आम्ही सांभाळतो आहोत, काळजी नसावी.

बाई रडली आणि तू विचारलंसुद्धा नाहीस? एवढं शिकून ही अक्कल! आणि भाताला खताची पेंड बेताने घाल. मागे मी कपाशीला भरमसाट पेंड घातली, तर झाडं माझ्या डोक्याएवढी आणि बोंडं मोजून चार.

वडीलकीचा आशीर्वाद सदैव पाठीशी आहे.
तुझा दोधूकाका

खांडबारे, ता. ९ सप्टेंबर १९३७

ती. काकांचे सेवेशी,
शि. सा. न. वि. वि.

डोकं चालेनासं झालं आहे. माझ्या नमुन्याच्या शेतात करपा पडला. पानांवर डोळ्यासारखे ठिपके, मध्ये राखाडी, कडेला तपकिरी. बांधापलीकडे रमीबाईचं भात मात्र हिरवंगार! चौकशी केली तर तिने पेरलं ते तरंगलेलं, पोचट बी. आता गाव म्हणतं, पोचटच बरं. मी यांना काय शिकवू?

शाळामास्तर नारसिंग इथलेच. ते आधी हसले, मग त्यांनी उलगडा केला. इकडे माणूस आजारी पडलं की भगत त्याच्या नावाने पाण्यात तांदळाचे दाणे सोडतो. दाणा तरंगला तर माणूस उठेल, बुडाला तर आशा नाही. रमीबाईच्या नवऱ्याचा दाणा बुडाला होता. आणि मी तिच्या घरासाठी म्हणून पाहिलं, नि बहुतेक बी भसाभस बुडालं.

त्या दिवसापासून तिने मुलींना ना नदीवर जाऊ दिलंय, ना रानात. माझ्या एका वाक्यासाठी अख्खा पावसाळा! मला लाज वाटते.

आणि पेंड: आपलं पत्र येण्याआधीच मी दुप्पट घालून बसलो होतो. रमीबाईने खात्याकडून मिळालेली तिच्या वाटची पेंड बैलांना चारली. तिचं भात वाचलं ते त्यामुळे, की रोपं विरळ उगवल्यामुळे वारा खेळला म्हणून, की मला समजत नाही असं आणखी काही? साहेब तपासणीला यायचे आहेत. काय लिहू?

आपला गोंधळलेला
गिरधर

प्रकाशे, ता. १७ सप्टेंबर १९३७

चि. गिरधर यास अ. उ. आ.

साहेबाचं मागाहून बघ. आधी त्या बाईकडे जा. जे तोंडाने बोललास, ते तोंडानेच परत घे. काकूचंही हेच म्हणणं आहे.

तुझा दोधूकाका

खांडबारे, ता. १४ नोव्हेंबर १९३७

ती. काकांचे सेवेशी,
शि. सा. न. वि. वि.

आपलं पत्र आलं त्याच दिवशी गेलो होतो, पण तेव्हा रमीबाई दारातूनच आत गेली. काल कापणी आटोपली म्हणून नारसिंग मास्तरांना घेऊन पुन्हा गेलो. तिचं भात निरोगी, पण विरळ. होळीपर्यंतसुद्धा पुरायचं नाही. आणि कोपऱ्यात, वाळवून फडक्यात बांधलेली, बुडालेल्या बियाण्याची टोपली तशीच! ना पेरलं, ना खाल्लं, ना फेकायची हिंमत झाली.

मी म्हटलं की ते पाणी कोणाच्याच नावाचं नव्हतं, मला इथली रीत ठाऊक नव्हती, चूक माझी. मास्तरांनी तिच्या बोलीत सांगितलं. तिला ते पुरेना. तिने दोन्ही मुलींना माझ्यासमोर बसवलं, घमेल्यात पाणी आणलं आणि म्हणाली की यांची नावं घेऊन सांग, मास्तरांनी नाही, तू. मी एकेकीचं नाव घेतलं, हे पाणी तुझं नाही म्हटलं आणि घमेलं अंगणात उपडं केलं.

मग तिने टोपलीची गाठ सोडली. निम्मं पुढच्या पेरणीला ठेवलं, निम्मं कांडायला घेतलं. ती मुलींकडे पाहून तिच्या बोलीत काहीतरी म्हणाली आणि दोघी उठून धूम पळाल्या. मी मास्तरांना विचारलं, काय सांगितलं? ते म्हणाले, नदीवर जा म्हणाली.

अहवालात हे कुठल्या रकान्यात भरू, तेवढं कळवावं. काकूंना नमस्कार. भाकर खातो म्हणून सांगावं. आज मात्र रमीबाईकडचा भात खाल्ला.

मायेची सावली अशीच राहू द्यावी.
आपला गिरधर