नाल्याकडचा कोपरा

३ फेब्रुवारी, सोमवार
मनोजला अमरावतीत संपादकाच्या खुर्चीत बसून सांगायला काय जातं! "दादा, तुमच्या गावच्या कबरस्तानचा इतिहास द्या. आठशे शब्द. शुक्रवारी." निवृत्त माणसाला सगळेच कामाला लावतात.

विषय मात्र खरा आहे. आठवडी बाजाराच्या गाड्या उभ्या करायला पालिकेला कबरस्तानचा नाल्याकडचा कोपरा हवाय. पुढच्या मंगळवारी सभेत ठराव. जाऊन पाहिलं. दगड नाही, उंचवटा नाही. बाभळी आणि वाळलेलं तरोट्याचं तण.

मुख्याधिकारी म्हणाले, "तिथे कोण आहे ते दाखवा. एक तरी नाव. नाहीतर ती पडीक जागा." शांतपणे म्हणाले. त्याचाच जास्त राग आला.

४ फेब्रुवारी
ठरावाच्या विरोधात सगळ्या गावात एकटा अब्दुल गफ्फार. गाद्या भरतो, शाळेत माझ्या बाकावर होता. त्याचे वडील रहीमभाई जन्मभर कबरस्तानची राखण करत. त्याच्याच कबरस्तान कमिटीचे लोक म्हणतात— "उधर अपना कोई नहीं, दे डालो. बदल्यात बाकी तीन बाजूला भिंत तर मिळून राहिली!"

गफ्फार ऐकत नाही. "अब्बानं मरताना माह्या हात धरून सांगतलं— उधर कुदाल मत लगने देना, वो अमानत है."

"कोणाची अमानत?"

"ते सांगतलं असतं तर तुले कायले बोलावलं असतं बे, पत्रकार?"

अमानत म्हणजे विश्वासाने सोपवलेलं. तेव्हा जमीन कोणीतरी सोपवली असणार. दाता शोधायचा. निदान धागा तरी मिळाला.

६ फेब्रुवारी
कसला धागा! एसटीने अकोट, तहसील कचेरीत दिवसभर बाकड्यावर बसून जुने कागद. जमीन पहिल्यापासून सरकारी. दाता-बिता कोणी नाही.

परत येताना स्टँडवर सूर्यभानजी भेटले, जुनं जमीनदार घराणं. "आमच्या आजोबांनी देल्ली असन! लिहून टाका उकंडराव. फोटो देऊ का?"

उकंडराव! अमरावतीला पहिल्या नोकरीत संपादकांनी माझा 'उदय' केला. लेखाखाली तेच नाव छापून आलं आजवर. गावाला त्याचं काही नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
आठशे शब्द पाठवले. प्राचीन परंपरा, सलोखा, वगैरे.

मनोज— "छान आहे दादा. पण यात आहे काय?"

हा प्रश्न मी तीस वर्षं हाताखालच्या पोरांना विचारला. लागतो हा प्रश्न! रविवार संध्याकाळपर्यंत मुदत दिली त्याने. सोमवारच्या अंकात घेणार.

८ फेब्रुवारी, शनिवार
सकाळी गफ्फार आला, पडलेल्या चेहऱ्याने. चहाच्या टपरीवर कमिटीवाल्यांनी टोमणा मारला होता— "गफ्फारमियाँ, अमानत है तो घर ले जाओ!" मीही वैतागलेलोच. म्हणालो, "तुझे अब्बा काहीतरी बोलून गेले आणि आपण दोघं आठवडाभर वाऱ्यामागे धावतोय."

त्याने कप खाली ठेवला. "अब्बा झूट नव्हते बोलत."

आई आत तुरीच्या शेंगा सोलत होती. तिथूनच विचारलं, "कोनता कोपरा रे? नाल्याकडचा?"

"हो मावशी."

"तिथं लेकरं हायेत."

दोघेही उठून आत गेलो.

"आपल्यावाल्यांची. तानी लेकरं चितेवर जायत नाईत, पुरतेत. पावसाळ्यात नदीपल्याड मसनात जाता ये ना. काठावर पुरलं त कोल्हे उकरत. रहीमभाई म्हने, भाभी, इधर रखो, मैं देखूंगा. रातभर कंदील घिऊन बसे तो मानूस."

गफ्फार तिच्यासमोर खाली बसला. "मले कधी बोलले नाईत, मावशी!"

"शब्द देल्ला होता त्यानं. लोकं नावं ठेवतीन म्हनून— हिंदूची लेकरं कबरस्तानात."

म्हणजे अमानत जमीन नव्हतीच! कागदात शोधत बसलो मी.

मी लगेच पेन काढलं. कोणाकोणाची? आई चिडली. "त्याईचं कोनी नाव घेते का? बारशाच्या आधीच गेले ते."

"आई, तिथे साहेबाला नाव लागतं. एक तरी."

तिने हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाली, "उकंड्या."

"काय?"

ती पुन्हा शेंगा सोलायला लागली. विसरली असेल काय सांगायचं होतं ते. गफ्फारही उगाच खाली बघत बसला. नाव मिळालं नाहीच.

९ फेब्रुवारी, रविवार
आईने काल हाक मारली नव्हती. उत्तर दिलं होतं.

आधीची लेकरं वाचली नाहीत की पुढच्याला उकंड्यावर म्हणजे उकिरड्यावर टाकतात, कचऱ्यातून उचलल्यासारखं उचलतात आणि नावही तेच ठेवतात, मरणाने बघू नये म्हणून. माझ्या आधी दोघी बहिणी गेल्या, एवढं मला माहीत होतं. कुठे ठेवल्या, ते साठ वर्षांत विचारलं नाही.

लेख नव्याने लिहून पाठवला. मनोजला सांगितलं, लेखाखालचं 'उदय' काढ, उकंडराव टाक.